थॉमस पेन : बदनामी, भक्ती आणि संशोधन

महात्मा जोतीराव फुले यांचे कोणतेही चरित्र उघडले, की पहिल्या काही पानांतच एक इंग्रजी नाव भेटते. स्कॉटिश मिशनच्या शाळेतील शिक्षण १८४७ मध्ये संपत असताना तरुण जोतीरावांनी थॉमस पेन यांचे 'राइट्स ऑफ मॅन' वाचले आणि त्यांच्या विचारांना दिशा मिळाली, असे ते वाक्य असते. शालेय निबंधापासून जयंतीच्या भाषणापर्यंत ते इतक्या वेळा आले आहे, की त्यापुढे जाऊन हा पेन नेमका कोण होता, असे आपण सहसा विचारत नाही.

प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. पेन यांना जाऊन दोनशेहून अधिक वर्षे झाली. त्यांच्यावरील पुस्तकांनी ग्रंथालयांची कपाटे भरतील. असे असूनही त्यांनी नेमके काय लिहिले, त्यांची पुस्तके किती खपली आणि त्यांच्या नावावरचे कोणते लेखन मुळात त्यांचे नाहीच, याविषयी अभ्यासकांत आजही वाद आहेत. पेन यांची पहिली चरित्रे शत्रूंनी लिहिली, नंतरची भक्तांनी. दोन्ही बाजूंनी चढवलेला रंग खरवडून मूळ चित्र पाहण्याचे काम गेल्या काही दशकांत खऱ्या अर्थाने सुरू झाले आहे.

तीन देश, एक लेखणी

थॉमस पेन यांचा जन्म १७३७ मध्ये इंग्लंडमधील थेटफर्ड या गावी झाला. वडील क्वेकर पंथाचे, स्त्रियांची कॉर्सेट शिवणारे कारागीर. मुलानेही काही काळ तोच धंदा केला आणि पुढे अबकारी खात्यात नोकरी धरली. तेथून त्याला दोनदा काढून टाकण्यात आले. १७७२ मध्ये सहकाऱ्यांच्या पगारवाढीसाठी त्याने एक पुस्तिका लिहिली. ती निष्फळ ठरली; पण लेखणी हाती आली ती तेव्हाच.

१७७४ च्या अखेरीस बेंजामिन फ्रँकलिन यांची शिफारसपत्रे घेऊन पेन फिलाडेल्फियात उतरले. त्यानंतर जेमतेम चौदा महिन्यांत, १० जानेवारी १७७६ रोजी, 'कॉमन सेन्स' ही त्यांची पुस्तिका लेखकाचे नाव न घालता प्रसिद्ध झाली. वसाहतींनी ब्रिटिश राजाकडे सवलती मागत बसू नये, थेट स्वतंत्र व्हावे आणि राजेशाहीलाच रजा द्यावी, हे तिने रोखठोक भाषेत सांगितले. लॅटिन अवतरणांनी जड झालेल्या त्या काळच्या राजकीय गद्यात ही भाषा वेगळी होती. सुताराला, खलाशाला आणि दुकानदारालाही ती कळत होती.

फ्रेंच राज्यक्रांतीवर एडमंड बर्क यांनी १७९० मध्ये कडाडून टीका केली. त्याला उत्तर म्हणून पेन यांनी १७९१ मध्ये 'राइट्स ऑफ मॅन'चा पहिला आणि १७९२ मध्ये दुसरा भाग लिहिला. दुसऱ्या भागात त्यांनी गरीब कुटुंबांतील मुलांसाठी वर्षाला ४ पौंड, पन्नाशीनंतर ६ पौंड आणि साठीनंतर १० पौंड अशी मदत सुचवली आणि तिच्या खर्चाचा हिशेबही मांडला. ब्रिटिश सरकारने राजद्रोही लेखनाचा खटला भरला. पेन तोवर फ्रान्सला पोहोचले होते. डिसेंबर १७९२ मध्ये त्यांच्या गैरहजेरीत त्यांना दोषी ठरवण्यात आले.

फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत ते निवडून आले होते. तेथे या राजेशाहीच्या वैऱ्याने सोळाव्या लुईला फाशी देऊ नये, अशी भूमिका घेतली. त्याची किंमत पुढे त्यांना मोजावी लागली. डिसेंबर १७९३ ते नोव्हेंबर १७९४ असे सुमारे दहा महिने ते पॅरिसच्या लक्झेंबर्ग तुरुंगात होते. 'एज ऑफ रीझन'चा पहिला भाग याच सुमारास छापला गेला. एका ईश्वरावर श्रद्धा, पण धर्मग्रंथ व पुरोहित यांना नकार, असा त्याचा सूर आहे. या पुस्तकाने त्यांचे उरलेसुरले मित्रही तोडले. १८०२ मध्ये ते अमेरिकेला परतले, तेव्हा स्वागतापेक्षा शिव्याच अधिक मिळाल्या. ८ जून १८०९ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. अंत्ययात्रेला मोजकीच माणसे होती.

सरकारी खर्चाने चरित्र

पेन यांचे पहिले चरित्र ते हयात असतानाच, १७९१ मध्ये, लंडनमध्ये निघाले. लेखकाचे नाव होते फ्रान्सिस ओल्डीज, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे पदवीधर. प्रत्यक्षात असा कोणी पदवीधर नव्हता. पुस्तक लिहिले होते जॉर्ज चामर्स या सरकारी अधिकाऱ्याने, आणि त्यामागे सरकारचे पाठबळ होते. मुखपृष्ठावर पेन यांच्या लेखनाचे समर्थन केल्याचा दावा होता. चाहत्यांनी फसून पुस्तक विकत घ्यावे, हा हेतू उघड होता. आत मात्र त्यांच्या लग्नांपासून नोकरीतील हकालपट्टीपर्यंत सगळ्याचा पंचनामा होता. लेखकाच्या आडनावाचे शेवटचे अक्षरही चामर्स यांनी गाळले. इंग्रजीत त्यामुळे उरणाऱ्या शब्दाचा अर्थ 'वेदना' असा होतो.

गंमत अशी, की पेन यांच्या तरुणपणाविषयी आज जी माहिती उपलब्ध आहे, तिचा बराचसा भाग याच बदनामीच्या पुस्तकातून आलेला आहे. चामर्स यांना सरकारी दप्तरे सहज पाहता येत होती. त्यामुळे हेतू वाईट असला तरी तपशील टाकून देता येत नाही. प्रत्येक आधुनिक चरित्रकाराला चामर्स यांचे पुस्तक एका हाताने धरावे लागते आणि दुसऱ्या हाताने चाळून घ्यावे लागते.

पेन यांच्या मृत्यूच्या वर्षीच जेम्स चीथम या पत्रकाराचे चरित्र आले. चीथम एकेकाळी त्यांचे सहकारी होते, नंतर वैरी झाले. दारूडा, घाणेरडा, कृतघ्न अशी पेन यांची प्रतिमा पुढे शंभर वर्षे टिकली, तिला या पुस्तकाचा मोठा हातभार लागला. पेन यांच्या आश्रयाने राहिलेल्या मार्गरीट बोनव्हिल या फ्रेंच महिलेच्या चारित्र्यावरही त्यात शिंतोडे उडवले होते. तिने अब्रुनुकसानीचा दावा लावला. चीथम दोषी ठरले आणि त्यांना दीडशे डॉलर दंड झाला. खटला हरला तरी पुस्तक टिकले. १८८८ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी एका चरित्रग्रंथात पेन यांचा उल्लेख अत्यंत हीन शब्दांत केला. नास्तिक हे त्यांचे विशेषण तर साफ चुकीचे होते. पुढे रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्या शब्दांनाही वजन आले.

विल्यम कॉबेट यांची कहाणी तर नाटकात शोभावी अशी आहे. १७९६ मध्ये त्यांनी चामर्स यांच्या मजकुरावर आधारलेले पेनविरोधी चरित्र छापले. कालांतराने त्यांचे मतपरिवर्तन झाले. इतके, की १८१९ मध्ये न्यू रोशेल येथील पेन यांची कबर उकरून त्यांनी अस्थी इंग्लंडला नेल्या. तेथे भव्य स्मारक बांधण्याचा त्यांचा बेत होता. स्मारक झाले नाही आणि कॉबेट यांच्या निधनानंतर अस्थी कुठे गेल्या, याचा पत्ता लागला नाही.

कागदपत्रांचेही असेच झाले. पेन यांची खासगी कागदपत्रे बोनव्हिल कुटुंबाकडे गेली आणि सेंट लुईस येथील एका आगीत त्यांतील बहुतांश नष्ट झाली. पेन यांच्याविषयीच्या बऱ्याच वादांचे मूळ या राखेत आहे.

भक्तांची भर

या बदनामीला पहिले भक्कम उत्तर १८९२ मध्ये मिळाले. मन्क्युर डॅनियल कॉनवे यांचे दोन खंडांतील चरित्र त्या वर्षी प्रसिद्ध झाले. पाठोपाठ पेन यांच्या लेखनाचे चार खंड निघाले. कॉनवे हे व्हर्जिनियातील गुलाम बाळगणाऱ्या कुटुंबात जन्मलेले आणि गुलामगिरीच्या विरोधात उभे राहिलेले गृहस्थ. त्यांनी अमेरिका, इंग्लंड आणि फ्रान्समधील दप्तरे धुंडाळली. पेन यांच्या संशोधनाचा पाया त्यांनीच घातला, यात शंका नाही.

परंतु कॉनवे हे वकिलाच्या भूमिकेत होते. अशिलाच्या बाजूने जाणारा कागद दिसला, की तो स्वीकारण्याकडे त्यांचा कल असे. १७७५ मध्ये फिलाडेल्फियाच्या वृत्तपत्रांत व मासिकांत टोपणनावांनी आलेले अनेक लेख त्यांनी पेन यांच्या खात्यावर जमा केले. त्यांतील दोन विशेष प्रसिद्ध आहेत. एक, अमेरिकेतील आफ्रिकी गुलामगिरीचा निषेध करणारा. दुसरा, स्त्रियांच्या दुःस्थितीविषयीचा. या दोन लेखांमुळे पेन हे अमेरिकेतील पहिल्या गुलामगिरीविरोधकांपैकी एक आणि स्त्रीहक्कांचे आद्य पुरस्कर्ते ठरले.

स्त्रियांविषयीच्या लेखाचा निकाल १९३० मध्येच लागला. फ्रँक स्मिथ या अभ्यासकाने दाखवून दिले, की हा मजकूर आंत्वान लेओनार थोमा या फ्रेंच लेखकाच्या निबंधाच्या इंग्रजी भाषांतरातून घेतलेला आहे. पेन तेव्हा त्या मासिकाच्या संपादनाचे काम पाहत होते. त्यामुळे लेख छापण्याशी त्यांचा संबंध असू शकतो, लिहिण्याशी नाही. असे असूनही त्यानंतर कित्येक वर्षे तो पेन यांच्या नावावर उद्धृत होत राहिला. आवडता उतारा सोडायला कोणाचा हात धजावत नाही!

गुलामगिरीविरोधी लेखाचे प्रकरण अधिक नाजूक आहे. तो पेन यांचा असल्याचा आधार म्हणजे प्रामुख्याने बेंजामिन रश या समकालीन डॉक्टरांची, बऱ्याच वर्षांनी लिहिलेली आठवण. जेम्स लिंच यांनी १९९९ मध्ये एका शोधनिबंधात हा आधार कच्चा असल्याचे मांडले आणि पेन यांनी निर्विवादपणे स्वतःच्या असलेल्या मोठ्या ग्रंथांत गुलामगिरीविषयी फार थोडे लिहिले, याकडे लक्ष वेधले. मग पेन यांना गुलामगिरी मान्य होती का? तसे म्हणता येत नाही. १८०४ मध्ये लुइझियानातील फ्रेंच रहिवाशांनी गुलाम आयात करण्याची मुभा मागितली, तेव्हा पेन यांनी त्यांना जाहीरपणे खडसावले होते. हे लेखन त्यांचे आहे, याबद्दल वाद नाही. म्हणजे पेन गुलामगिरीचे विरोधक होते. पण त्या लढ्याचे अग्रणी होते, हे सिद्ध करण्यासाठी ज्या लेखाचा आधार घेतला जातो, तो डळमळीत आहे.

आकडा कोठून आला?

दुसरा मोठा वाद आहे खपाचा. 'कॉमन सेन्स'च्या पाच लाख प्रती खपल्या, असे अनेक पुस्तकांत छापलेले आढळते. त्या वेळी वसाहतींची लोकसंख्या सुमारे पंचवीस लाख होती, तीही गुलामांसह. तेव्हा दर पाच माणसांमागे, मुले व निरक्षर धरून, एक प्रत! हाती फिरवायचे लाकडी छापखाने, कागदाची टंचाई आणि खराब रस्ते यांचा विचार करता हे कसे शक्य झाले असेल?

आकड्याचा माग काढत गेले, की आपण खुद्द पेन यांच्यापाशीच पोहोचतो. एप्रिल १७७६ मध्ये त्यांनी एक लाख वीस हजारांचा दावा केला. १७७९ मधील एका पत्रात तो दीड लाखाचा झाला. १७९२ मध्ये 'राइट्स ऑफ मॅन'मध्ये तो पुन्हा एक लाखावर आला. लेखकच तीन वेळा तीन आकडे सांगतो, आणि पुढच्या चरित्रकारांनी त्यांत आपापली भर घातली.

पुस्तकांचे संग्राहक रिचर्ड गिम्बेल यांनी १९५६ मध्ये 'कॉमन सेन्स'च्या आवृत्त्यांची सूची प्रसिद्ध केली. तिच्यात १७७६ या एका वर्षातील पंचवीस अमेरिकी आवृत्त्यांची नोंद आहे. त्यांतल्या बहुसंख्य फिलाडेल्फियातच छापलेल्या. हाच धागा धरून ट्रिश लॉफ्रन यांनी २००७ च्या आपल्या ग्रंथात त्या काळच्या छपाई व वितरणव्यवस्थेचा कसून हिशेब मांडला. त्या काळी एका आवृत्तीत साधारण किती प्रती निघत, हे लक्षात घेतले तर लाखांचे आकडे टिकत नाहीत. काही अभ्यासक कमाल मर्यादा ७५ हजारांच्या आसपास ठेवतात.

यामुळे 'कॉमन सेन्स'चे महत्त्व कमी होते का? उलट, खरा प्रश्न आता कोठे समोर येतो. प्रती कमी असताना पुस्तिकेचा प्रभाव इतका कसा पडला? वृत्तपत्रांनी उतारे छापले, खानावळींत ती मोठ्याने वाचली गेली, विरोधकांनी उत्तरे लिहून तिची कीर्तीच वाढवली. पुस्तक किती विकले गेले यापेक्षा ते किती कानांपर्यंत गेले, हे शोधणे अधिक कठीण आणि अधिक उपयोगी आहे.

'परंतु' आणि 'मात्र' यांची साक्ष

लेखकाचे नाव नसलेला मजकूर कोणाचा, हे ठरवण्यासाठी अलीकडे संगणकाची मदत घेतली जाते. तत्त्व सोपे आहे. प्रत्येक लेखकाची एक नकळत सवय असते. मोठे, भारदस्त शब्द तर कोणीही उसने घेऊ शकतो. पण 'आणि', 'परंतु', 'मात्र', 'तर' यांसारखे किरकोळ शब्द कोण किती वेळा वापरतो, हे ठरवून बदलणे अवघड असते. ज्या लेखनाविषयी वाद नाही, त्यातील अशा शब्दांचे प्रमाण काढायचे आणि संशयित मजकुराशी ताडून पाहायचे. ज्या न्यू रोशेलमध्ये पेन यांची मूळ कबर होती, तेथील आयोना या शिक्षणसंस्थेत त्यांच्या नावावरील लेखनाची अशी तपासणी करण्यात आली आणि जुन्या यादीतील अनेक लेखांवर प्रश्नचिन्ह उभे राहिले.

अर्थात, ही पद्धत म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. मजकूर छोटा असेल तर निष्कर्ष डळमळतो. त्या काळी मुद्रक आणि संपादक मजकुरात हात घालीत. दोघांनी मिळून लिहिलेल्या लेखात दोन्ही सवयी मिसळतात. म्हणून संगणकाचा कौल हा पुराव्यांपैकी एक पुरावा मानावा लागतो. जुनी पत्रे, तारखा आणि समकालीनांच्या नोंदी यांची जोड त्याला लागतेच.

'राइट्स ऑफ मॅन'ही या छाननीतून सुटलेले नाही. इतिहासकार जे. सी. डी. क्लार्क यांनी २०१५ मध्ये मांडले, की पहिल्या भागातील फ्रेंच राज्यक्रांतीच्या प्रारंभाचे वर्णन करणारा सुमारे सहा हजार शब्दांचा भाग पेन यांचे स्नेही लाफाएत यांच्याकडून आलेला असावा. २०१८ मधील आपल्या ग्रंथात क्लार्क आणखी पुढे गेले. पेन यांच्याकडे आधुनिक मानवी हक्कांचे जनक म्हणून पाहणे चुकीचे असून ते अठराव्या शतकातील इंग्लंडच्या धार्मिक व राजकीय वादांतून घडलेले लेखक होते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. तो सर्वांना मान्य नाही. ई. पी. टॉम्सन यांनी १९६३ मध्ये इंग्लंडच्या कामगारवर्गाचा इतिहास लिहिताना 'राइट्स ऑफ मॅन'ला त्या चळवळीच्या पायाभूत ग्रंथांत स्थान दिले होते. एरिक फोनर यांनी १९७६ मध्ये पेन यांना फिलाडेल्फियातील कारागिरांच्या जगात ठेवून पाहिले, तर जॉन कीन यांनी १९९५ मध्ये तिन्ही देशांतील साधने वापरून विस्तृत चरित्र लिहिले. पेन यांच्याकडे नव्याने वळू इच्छिणाऱ्या वाचकाने कीन आणि फोनर यांच्यापासून सुरुवात करावी आणि क्लार्क यांचे आक्षेप त्यानंतर वाचावेत.

पुण्यापर्यंतचा प्रवास

आता पुन्हा जोतीरावांकडे येऊ. पेन यांची पुस्तके भारतात पोहोचली होती, याला स्वतंत्र पुरावा आहे. कोलकात्यात १८३० च्या सुमारास 'एज ऑफ रीझन'च्या प्रतींना तरुण विद्यार्थ्यांत इतकी मागणी होती, की किंमत चढत गेली, अशी तक्रार अलेक्झांडर डफ या मिशनऱ्यानेच लिहून ठेवली आहे. तेव्हा १८४७ मध्ये पुण्यातील मिशनशाळेच्या एका विद्यार्थ्याच्या हाती पेन यांचे पुस्तक पडणे अगदी स्वाभाविक होते. धनंजय कीर यांच्या १९६४ च्या इंग्रजी चरित्रात ही नोंद येते. रोझलिंड ओहॅन्लन यांनी १९८५ च्या आपल्या ग्रंथात त्या वाचनाचा फुले यांच्या धर्मविचाराशी असलेला संबंध तपासला आहे.

साम्य डोळ्यांत भरणारे आहे. पेन एक ईश्वर मानतात आणि पुरोहिताची मध्यस्थी नाकारतात. फुले यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'तील 'निर्मिक' हीच दिशा दाखवतो. १८७३ मधील 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका तर अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना उद्देशून आहे.

पण पेन यांच्याबाबतीत संशोधकांनी जो धडा घेतला, तो येथेही लागू पडतो. साम्य म्हणजे प्रभावाचा पुरावा नव्हे. फुले यांच्यापुढे केवळ पेन नव्हते. मिशनऱ्यांचे वादविवाद होते, संतांची परंपरा होती आणि त्याहून मोठी शाळा म्हणजे भोवतालचा शेतकरी व अस्पृश्यांचे जिणे. पेन यांनी स्त्रीशिक्षणाचा आग्रह धरला, म्हणून फुल्यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली, असे कोणी म्हणाले, तर स्त्रियांविषयीचा तो प्रसिद्ध लेख पेन यांचा नव्हताच, हे आपल्याला आता माहीत आहे. मुलींच्या शाळेचे श्रेय जोतीराव आणि सावित्रीबाईंचेच आहे. ते थेटफर्डहून आयात करण्याची गरज नाही.

'कॉमन सेन्स'च्या प्रकाशनाला १० जानेवारी २०२६ हा दिवस अडीचशे वर्षांचा. असे दिवस आले, की थोर पुरुषांच्या नावावर न लिहिलेली वाक्ये आणि न खपलेल्या प्रती पुन्हा जमा होऊ लागतात. आपल्याकडेही हे नवे नाही. मात्र पेन यांच्या पदरातून दोन लेख आणि काही लाख प्रती काढून घेतल्यावरही जो माणूस उरतो, तो लहान नाही. कारागिराच्या घरातून आलेला, दोनदा नोकरी गमावलेला तो माणूस तीन देशांच्या सत्ताधाऱ्यांना अंगावर घेतो आणि राजाच्या फाशीला विरोध करून स्वतः तुरुंगात जातो. म्हाताऱ्यांना पेन्शन द्यावे, असे त्याने अठराव्या शतकात आकडेमोड करून सांगितले होते. जोतीरावांनी वाचला तो हा पेन.